लग्न झालेले, वेगळे भरणारे

वरूडला चांडक सीएच्या हापिसात पंखा आहे,
पण कागद उडतात म्हणून मार्चभर बंद.
मी दुपट्ट्यानं मान पुसतो आहे आणि तो विचारतो,
"प्रल्हादभाऊ, तुम्ही दोघं एकत्र, का वेगळे?"

बाप्पा, असं कोणी विचारते का?
सव्वीस वर्षं झाली लग्नाले.
"तसं नाही जी. फॉर्मात विचारते."

ज्योत्स्ना तिकडे ओहायोत
रात्रपाळीला म्हाताऱ्यांची कूस बदलते.
मागच्या वैशाखात उजवा हात वर करून शपथ घेतली.
इकडचा निळा पासपोर्ट गेला, तिकडचा निळा आला,
वर एक करडी पुस्तिका, जन्मभर येण्याजाण्याची.
"मत नाही, वावर नाही, बाकी सगळं,"
तिनं फोनवर सांगितलं,
लोणच्यात मीठ कमी आहे म्हणावं तसं.

चांडक कागदावर उभी रेघ ओढतो.
एकत्र भरलं तर तिला तिकडे सूट जास्त,
पण मग मीही तिकडचा धरला जाईन.
मी, आणि माझा संत्रा.

"माझा संत्रा नागपूरच्या पुढे गेला नाही कधी."
"संत्रा इथंच राहीन. हिशोब जाईन.
इथं शेतीवर कर नाही, तिथं आहे.
खर्च दाखवा, वजा होईन. शेणखताची पावती?"
शेण पावती देत नाही, मी म्हणलं.
तो हसला नाही. त्यानं लिहून घेतलं.

वेगळं भरलं तर मी सुटतो,
तिचा दर चढतो.
त्या रकान्याचं नाव त्यानं मराठी करून वाचलं,
सावकाश, वरातीत मानपानाची यादी वाचतात तसं:
लग्न झालेले, वेगळे भरणारे.

आणि हो, सासूच्या खात्यावर ज्योत्स्नाचं नाव आहे,
दवाखान्याच्या पैशासाठी टाकलेलं.
तेही तिकडे कळवायचं का ते पाहावं लागेल.
आणि ती इथं किती दिवस राहते?
एकशे ब्याऐंशी झाले तर इथलीही होईल.
मी कॅलेंडरवर ती यायचे दिवस खोडत आलो,
आता कोणी तिचे राहायचे दिवस मोजणार.
मोजू द्या. पाच आठवड्यांच्या वर
तिला सुट्टी मिळाली कधी?

मग मी ज्यासाठी गेलो होतो ते काढलं.
विहिरीजवळचे दोन एकर.
तिथलं ठिबक तिच्या पैशाचं,
पाइपही तिनंच व्हिडिओवर पाहून पसंत केला.
सातबाऱ्यावर तिचं नाव चढवायचं आहे.

चांडकनं पेनाचं टोपण लावलं.
"आता ती परदेशी नागरिक. विकत घेता येत नाही.
बक्षीसपत्रही चालत नाही."
मंग काय चालते?
"वारसानं चालते."
म्हणजे?
खिडकीबाहेर कोणी टेम्पो मागं घेत होतं.
"म्हणजे," तो म्हणाला, "तुमच्यानंतर."

रात्री बाराला लाईन येते.
मोटर सुरू करून मी बांधावर बसतो,
तिकडे तिची दुपार, ती नुकती उठलेली,
कपात चमचा फिरल्याचा आवाज येतो.
सगळं सांगितलं. सासूच्या खात्याचंही.
दोन एकराचं नाही सांगितलं.

"नवऱ्याच्या नंबराची एक चौकट असते," ती म्हणते,
"तुला तिकडचा नंबर नाही ना,
तिथं तीन अक्षरं लिहायची."
काय होते त्याचं?
"तिथं न राहणारा परका."
ती हसते, मग हसत नाही.
ठिबकमधून पाणी टपकायला लागलेलं,
आंबियाची फळं वाटाण्याएवढी.

"यंदा वेगळे भरू," ती म्हणते. "पुढल्या साली पाहू."
बरं.
"आणि कोळशी आली का रे विहिरीकडच्या झाडायले?"
मी बॅटरी लावतो, पान उलटं करून पाहतो.
थांब, म्हणतो. पाहून सांगतो.